येरंडपारच्या भिंतीतली मोकळी

येरंडपारच्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत आलात म्हणजे आधी मोहाची झाडे लागतात, मग वसतिगृहाची स्वयंपाकखोली, आणि मग खाली उतरून कॉलेजचा जुना हॉल. हॉलची मागची भिंत तलावाच्या पाळीला पाठ लावून उभी आहे. सबंध भिंत हाताने थापलेल्या विटांची, आणि मधोमध एक उभी पोकळी. माणूस उभा राहील एवढी उंच. खांदे दोन्हीकडे घासतील एवढीच रुंद. वर विटांची छोटी कमान. आत मूर्ती नाही, दिवा नाही, पाटी नाही. त्या जागेला इथे 'मोकळी' म्हणतात.

परगावच्या माणसाला वाटते की देवळी असेल, देव चोरीला गेला असेल. बाहेरच्या काही बाया येतात, आत हळदकुंकू टाकतात, नारळ फोडायला बघतात. कॉलेजची मुले लगेच बादली आणून सगळे धुऊन काढतात. बाया चिडतात. चिडू द्या. त्या जागी हळद चालत नाही, आणि का चालत नाही हे ऐकलेत तर तुम्हीही लावणार नाही.

आत हात घालून बघा. पाठीची वीट ओली लागेल. भर उन्हाळ्यातही ओली लागते. त्या विटेच्या मागे पाळीची माती आहे, मातीच्या मागे पाणी आहे, आणि त्या मातीत आमचा एक माणूस आहे.

त्या माणसाचे नाव सोमा. तो गजघाट्यांच्या घरातला, जातीने महार, गावचा कोतवाल. तलाव बांधला तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे भोसल्यांच्याही आधीची असे सांगतात. पाळ घातली की दर पावसाळ्यात एकाच ठिकाणी फुटायची. माती घाला, दगड घाला, झाडे आडवी टाका, पाणी तिथूनच वाट काढायचे. शेवटी त्या वेळच्या मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनमालकाने, कोण्या जाणत्याला विचारले, आणि जाणत्याने सांगितले की तलाव माणूस मागतो. माणूस कोणाच्या घरचा, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. मालगुजारालाही नाही. सोमाला आंघोळ घातली, हळद लावली, डोक्याला नवे पागोटे बांधले आणि फुटक्या जागी उभे करून त्याच्याभोवती माती ओढली. तो ओरडला की नाही याबद्दल दोन मते आहेत. मालगुजाराच्या वाड्यावर सांगत की तो हसत हसत उभा राहिला. आमच्या वस्तीत याबद्दल कोणी काहीच सांगत नसे.

पाळ टिकली. बदल्यात सोमाच्या घराला पाळीच्या पायथ्याची एक लांबट पट्टी मिळाली, आणि एक मान मिळाला. भाद्रपदात धानाला पाणी सोडायच्या दिवशी मालगुजार स्वतःच्या हाताने गजघाट्यांच्या घरातल्या सगळ्यात वडील माणसाच्या डोक्याला पागोटे बांधायचा. त्या एका दिवशी तो एक माणूस पाळीवर चढायचा आणि मोरीचा दट्ट्या, पाणी अडवणारे बूच, उचलायचा. इतर दिवशी आमच्या सावलीचाही तलावाला विटाळ. आमच्या बाया पाळीच्या खाली झिरा खणून, पाझरलेले पाणी वाटीवाटीने भरत. ज्याच्या अंगावर तलाव उभा होता त्याच्या लेकीसुनांना तलावाचे पाणी शिवायची बंदी. आणि तरी वस्तीला त्या पागोट्याचा केवढा अभिमान. लग्नाची बोलणी करताना गजघाटे आधी ते पागोटे सांगत, मग घरचे धान.

याच घरात तानबा जन्मला.

तानबा मास्तरचा फोटो हॉलमध्ये आहे. काळा कोट, बंद गळा, आणि डोळे असे की फोटो काढणाऱ्याचीच चूक काढायला निघाले असावेत. तो कामठीला छावणीत एका पलटणीतल्या नातेवाइकाकडे राहून शिकला, तिथेच मास्तर झाला, आणि पहिली जर्मन लढाई संपल्यावर नोकरी सोडून गावी परतला. आमच्या मुलांसाठी शाळा काढायची, शाळेत राहायची सोय करायची आणि पुढे तिथेच कॉलेज करायचे, असे त्याने आल्या दिवशीच सांगितले. लोक हसले म्हणे. कॉलेज हा शब्दच वस्तीत पहिल्यांदा आला होता.

तो काही संत नव्हता. रागीट होता, मुलांना मारायचा, आणि कोणाच्या दारी उष्टे मागायला गेलेले पोर दिसले तर त्याच्या बापालाही सोडायचा नाही. पण एक गोष्ट त्याची वेगळी होती. तोपर्यंत आमच्यात कोणाला पुरते नाव नसे. म्हणजे असे, पण ते बारशाच्या दिवसापुरते. पुढे आयुष्यभर सोम्या, फाग्या, चिंधी, कचरी. तानबा मास्तर सकाळी हजेरी घ्यायचा तेव्हा पुरते नाव घ्यायचा, मुलाचे, बापाचे आणि घराण्याचे, आणि मुलाने एक पाऊल पुढे येऊन उभे राहायचे. ज्याला स्वतःच्या बापाचे नाव सांगता आले नाही त्याला घरी पाठवायचा, विचारून ये म्हणून. बाहेर पाळीच्या पायथ्याच्या उतारावर म्हातारे येऊन बसत ती हजेरी ऐकायला. त्यांत त्याचा बाप फागोजीही असे.

शाळेला जागा हवी होती. मास्तरने गावात जिथे जिथे शब्द टाकला तिथे तिथे मालक आधी हो म्हणाला आणि मालगुजाराच्या वाड्यावर जाऊन आल्यावर नाही म्हणाला. उरली सोमाची पट्टी. वस्तीतल्या जुन्या माणसांनी सांगितले की तिथे कोणी झोपडीसुद्धा घातली नाही, तिथे गुरे बसत नाहीत. मास्तर म्हणाला की आपल्या नावावर गावात एवढीच जमीन आहे आणि तिची किंमत आपण आधीच दिली आहे.

मुलांनी तलावातून काढून बाहेर टाकलेला गाळ आणून विटा थापल्या. भट्टी लावली. पाळीला लागून भिंत घेतली, तिच्यावरून गवताचे छप्पर उतरवले, आणि वीसपंचवीस खेड्यांतली मुले तिथे राहायला आली. पुढल्या पावसाळ्यात ती भिंत पडली. मधोमध फुगली, आणि आडवी झाली. मुले तेव्हा शेतात चिखलणीला गेली होती म्हणून वाचली. मास्तरने पुन्हा बांधली, जास्त जाड. ती त्याच्या पुढल्या पावसाळ्यात पडली, अगदी त्याच जागी, आणि या वेळी पार्बताचा मुलगा सुदाम पायावर वीट घेऊन जन्माचा लंगडा झाला. पार्बता ही वस्तीतली विधवा बाई, एकुलत्या पोराला पोट मारून शाळेत ठेवलेली.

आता गावात बोलणे सुरू झाले. तलावाला माणसाची चव माहीत आहे. भिंत सोमाच्या छातीवर चढवली आहे. बाजारात, पाणवठ्यावर, सगळीकडे तेच. आणि हे फक्त वरच्या आळीत नाही हो, आमच्या वस्तीतही तेच. भीती जात विचारून शिरत नाही.

मग वैशाखात मालगुजाराचा गडी वस्तीत आला. त्याच्या हातात पितळी ताट, ताटावर फडके. त्याने ते फागोजीच्या दारात ठेवले आणि फडके काढले. खाली नवे कोरे पागोटे होते.

पागोट्याचा दिवस भाद्रपदात. वैशाखात पागोटे कधी कोणाला आलेले नव्हते. एकदाच आले होते, आणि ते सोमाला. अख्खी वस्ती दारादारात उभी राहून बघत होती आणि सगळ्यांना कळले होते. गड्याने निरोप एवढाच सांगितला, "तलावाले आठवण झाली, म्हणते मालक."

मालगुजाराचा हिशेब साधा होता. म्हातारा उभा राहिला तर शाळा सदासाठी त्याच्या रिवाजावर उभी राहणार आणि पाप आमचे आम्ही केलेले. नाही उभा राहिला तर तिसऱ्यांदा पडणाऱ्या भिंतीबरोबर शाळाही संपणार. त्याला दोन्ही चालणार होते.

फागोजीने पागोटे उचलून कपाळाला लावले.

मास्तर घरी आला तेव्हा बाप ओसरीवर बसला होता आणि पागोटे मांडीवर होते. ते दोघे काय बोलले हे आमच्याकडे घराघरात सांगतात, आणि सगळीकडे सारखेच सांगतात.

"बाबा, हे घेऊन तलाव आलता का तुमच्या दारात? कोण आलं घेऊन?"

"कोणी का येईना," फागोजी म्हणाला. "तू एवढी मोठी शाळा बांधून राहिला. मी काय देऊ तुले? माझ्याजवळ धान नाही, पैसा नाही. हे एवढं आहे."

"मले तुमचा जीव नको."

"तुले नको असंल. भिंतीले पाहिजे." आणि पुढे तो म्हणाला, "तू म्हणतो हे सगळं खोटं. खोटं असंल तं मंग सोमा कायले मेला? सांग. तू शिकला हायस. कायले मेला तो?"

मास्तर ओसरीवरून उतरला आणि शाळेकडे निघून गेला.  बाप वेडा नव्हता आणि भित्राही नव्हता. पिढ्यान्पिढ्या त्या घराने एका मेलेल्या माणसाच्या जिवावर मान उंच ठेवली होती. ते मरण फुकटचे होते असे म्हणायचे म्हणजे सोमाला दुसऱ्यांदा गाडायचे, असे फागोजीला वाटत होते. ही चूक दुसरे कोणी करणार नाही. ज्यांना दुसरे काही दिलेलेच नाही तेच ही चूक करतात.

दुसऱ्या दिवशी आईबाप शाळेवर आले. मुलांच्या वळकट्या त्यांनी आधीच बांधायला लावल्या होत्या. पुढे पार्बता होती.

ती म्हणाली, "मास्तर, आम्ही तुमचे उपकार विसरलो नाही जी. पण माझं लेकरू त्या भिंतीखाली झोपते. एक पाय दिला. आता काय देऊ? भिंत बांधायची तं नीट बांधा. नाही तं आम्ही पोरं घेऊन चाललो."

नीट म्हणजे काय ते तिने सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती. मास्तरने गवंड्याकडे बघितले. गवंडी भंडाऱ्याकडचा, बाहेरचा माणूस. तोही मान खाली घालून म्हणाला की आता तसे केल्याशिवाय तो त्या पायावर वीट ठेवणार नाही.

म्हणजे एका बाजूला बाप होता आणि दुसऱ्या बाजूला शाळा. मुले एकदा परत गेली असती तर ती गुरांमागे गेली असती आणि पुन्हा आली नसती. मास्तर भिंतीच्या ढिगाऱ्यापर्यंत गेला आणि एक अख्खी वीट उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "ठीक आहे. परवा भिंत बांधू. माणूस उभा राहील."

आईबापांनी निःश्वास टाकला, आणि त्यानंतर मास्तरच्या डोळ्याला कोणीही डोळा दिला नाही. आपल्याला हवे ते मिळाल्यावर माणसे अशी होतात. वळकट्या सुटल्या. मुलांना घरी न्यावे, त्यांनी हे बघू नये, असे बायांचे म्हणणे पडले. मास्तर म्हणाला, नाही, मुले इथेच राहतील. एकही जाणार नाही.

काही म्हातारे सांगत की त्या घटकेला तो खरोखरच हरला होता. पुढले त्याला नंतर सुचले. मला तसे वाटत नाही, पण मी तिथे नव्हते.

ठरल्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बायांनी फागोजीला आंघोळ घातली. पार्बतानेच हळद लावली. लग्नात हळद लावताना गाणी असतात, इथे कोणी तोंड उघडले नाही. पाट्यावरून हळद घ्यायची आणि अंगाला लावायची, तेवढाच आवाज. म्हातारा स्वतःच्या पायाने पट्टीवर आला. पाळीच्या वर मोहाच्या सावलीत मालगुजाराची दमणी, म्हणजे बसायची बैलगाडी, सोडलेली होती आणि मालगुजार खुर्ची टाकून बसला होता. त्याने खाली उतरून फागोजीला पागोटे बांधले. विटाळ झाला नाही. त्या पागोट्यापुरता कधीच होत नसे.

फागोजी पाळीला पाठ लावून उभा राहिला, जिथे भिंत दोन्ही वेळा फुटली होती तिथे. ऊन चढलेले. तलाव उन्हाळ्याचा, अर्धा आटलेला, पण त्या दिवशी पाळीच्या आतून पाण्याचा आवाज येत होता असे सगळे सांगतात. गवंड्याने थापी उचलली आणि परत खाली ठेवली. मास्तरने कोट काढून सुदामजवळ दिला, बाह्या वर केल्या आणि थापी स्वतःच्या हातात घेतली.

"विटा द्या," तो मुलांना म्हणाला.

मुलांनी रांग केली. पहिली वीट शेवटच्या हातापर्यंत आली तेव्हा काही मुले रडत होती, पण रांग तुटली नाही. मास्तरने बापाच्या पाठीमागे, पाळ आणि माणूस यांच्यामध्ये, आधी विटा घेतल्या. मग डावीकडून आणि उजवीकडून भिंत वर आणली. चुना, वीट, चुना. गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली. बाप आणि मुलगा एकमेकांपासून हातभर अंतरावर होते. भिंत खांद्याला लागली तेव्हा म्हाताऱ्याला दंड आत घ्यावे लागले. छातीच्या वर गेली, कानाच्या वर गेली. मास्तरने पागोट्याच्या वर कमान वळवली. फागोजी आता तीन बाजूंनी विटांत होता. फक्त समोरची बाजू उघडी होती.

मालगुजार वरून म्हणाला, आता चेहरा झाका.

मास्तरने थापी खाली ठेवली. हात धुतले, पुसले. सुदामकडून कोट घेऊन अंगात घातला आणि वरपर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या. मग हजेरी घ्यायला उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला. आणि हजेरीच्याच आवाजात त्याने नाव घेतले.

"फागोजी लहानूजी गजघाटे."

जमलेल्या माणसांतून वारे गेल्यासारखे झाले. मुलाने बापाचे नाव घेतले, बापाच्या तोंडावर, चार माणसांत. आमच्याकडे मुलगा बापाला नावाने हाक मारत नाही, बाप मेल्यावरही नाव जपून घेतो. पण खरी गोष्ट ती नव्हती. त्या माणसाला पुरत्या नावाने कोणी कधी हाक मारलेलीच नव्हती. हळद लागली होती, पागोटे बांधले होते, पण नाव कोणी घेतले नव्हते.

"फागोजी लहानूजी गजघाटे. बाहेर या."

म्हातारा हलला नाही. भिंतीत उभा होता तसाच उभा राहिला. डोळे मात्र उघडले.

मालगुजार खुर्चीतून उठला. "फाग्या," तो म्हणाला, "जागचा हलू नको."

आता बघा कशी वेळ होती. एका बाजूने एक नाव आणि दुसऱ्या बाजूने दुसरे. ज्या नावाने हाक आली की म्हातारा जन्मभर जोहार घालत आला ते वरून येत होते, आणि समोरून जे येत होते ते त्याने फक्त उतारावर बसून दुसऱ्यांच्या पोरांसाठी ऐकले होते. पाळीच्या आतला पाण्याचा आवाज वाढला होता. आईबापांनी आपापली मुले धरली. त्यांना वाटत होते की म्हातारा निघाला तर पाळ फुटेल.

मास्तर तिसऱ्यांदा हाक मारणार नव्हता. हजेरीत तो दोनदाच नाव घ्यायचा. मुलांना ते माहीत होते. उतारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना माहीत होते, आणि फागोजीलाही होते.

फागोजीने हात वर केला, जेवढा त्या जागेत वर जात होता तेवढा, आणि पागोटे काढले. ते पायाशी ठेवले. मग एक खांदा आधी, दुसरा मागून, असा विटांना घासत तो बाहेर आला. त्याच्या दोन्ही दंडांची हळद विटांना पुसली गेली आणि खाली कातडी सोलवटली होती.

"एवढ्या लोकांत बापाचं नाव घेतलं," तो म्हणाला. रागाने म्हणाला की कसे, ते कोणाला कळले नाही.

"सोमाचं कोणी घेतलं असतं," मास्तर म्हणाला, "तं तोही आला असता. तो कायले मेला ते विचारलं होतं ना तुम्ही? त्याले कोणी बाहेर ये म्हटलं नाही, म्हणून मेला."

फागोजी तिथेच खाली बसला. आणि मास्तर त्या रिकाम्या जागेकडे वळला. सगळ्यांच्या अंगावर काटा आला तो या वेळी, असे सांगतात, कारण तो काय करणार हे त्याच्या उभे राहण्यावरून कळले होते. त्याने सोमाला हाक मारली. बाहेर ये म्हणाला.

काही झाले नाही. मोहावर एकही पाखरू बोलत नव्हते. मग आतली पाठीची वीट काळी पडायला लागली. खालून वरपर्यंत ओल चढली आणि विटांच्या सांध्यातून पाणी आले. लाल पाणी आले, पाळीच्या मातीचे, दाट. ते पागोट्यावरून वाहिले, पागोटे भिजून लाल झाले, आणि पाणी लोकांच्या पायाशी आले. दमणीचे बैल दावे तोडून पळाले. मालगुजार त्यांच्या मागे पाळीवरून चालत गेला, अनवाणी, त्याचा जोडा खुर्चीखालीच राहिला. वस्ती ओरडत माळावर पळाली. पाळीच्या खाली उभे राहिले ते मास्तर, बसलेला बाप आणि मुले. मुले का पळाली नाहीत? हजेरी संपली असे मास्तरने सांगितले नव्हते.

सांजेपर्यंत लाल पाणी वाहिले. मग पांढरे आले, मग थेंब थेंब. पाळ फुटली नाही आणि भिंतही पडली नाही. त्यानंतरच्या कोणत्याही पावसाळ्यात पडली नाही.

शिकलेले लोक येतात आणि सांगतात की पाळीच्या आत पाणी साठत होते, भिंतीला दाबत होते, त्याला वाट मिळाली एवढेच. असेल. पाणी आमच्याही डोळ्यांना दिसते. वस्तीतले लोक सांगतात की हाक ऐकून सोमा वळला, आणि तो वळतो आहे त्याची ती ओल आहे. मी दोघांशीही भांडत नाही. भांडते ते तिसऱ्यांशी, जे म्हणतात की शेवटी तलावाने मास्तरचाच बळी घेतला. साफ खोटे आहे. तो म्हातारा होऊन तापाने गेला, खाटेवर, आणि मरताना दवाखान्यातल्या नर्सच्या चुका काढत होता.

पण तो सुखाने जगला असे मात्र समजू नका. पागोटे पुन्हा कधी आले नाही. मोरीचा दट्ट्या मालगुजाराचा गडी उचलू लागला आणि सोमाच्या पट्टीचे पाणी तोडले. निम्म्या आईबापांनी मुले नेलीच. ज्या वस्तीसाठी शाळा काढली तिथली माणसे मास्तरला बघून रस्ता बदलत, कारण त्याला बघितले की त्यांना ती हळद आठवे. पार्बताने मुलाला नेले नाही. ती शाळेत भाकरी थापायला राहिली आणि मरेपर्यंत तिने स्वयंपाकात हळद घातली नाही. फागोजी पुढे किती तरी वर्षे भट्टीजवळ बसून असे. कोणी मास्तरचे कौतुक केले की तो म्हणे, त्यानं मले वाचवलं, खरं हाय, पण आता मी कोण हाय ते मले ठाव नाही.

शाळेचे हायस्कूल झाले, हायस्कुलाचे कॉलेज झाले. मधल्या काळात एक प्राचार्य आले, चांगले शिकलेले, त्यांना ती जागा बघवेना. भिंत कशी सारखी हवी. सुट्टीत त्यांनी मोकळी विटांनी बुजवून वरून चुना फासला. त्या पावसाळ्यात हॉलची भिंत पोटुशी बाईसारखी पुढे आली. रोज थोडी. मुले हॉलमध्ये झोपेनात, व्हरांड्यात झोपू लागली. शेवटी प्राचार्यांनी स्वतः पहार मागवून बुजवलेले फोडले. आतून निघालेल्या विटा बाहेरच्या बाजूने कोरड्या होत्या आणि आतल्या बाजूने झिजलेल्या होत्या, खूप वर्षे कोणी हात फिरवावा तशा. आणि विटा तर अवघ्या एका उन्हाळ्यापूर्वी बसवलेल्या. प्राचार्यांनी त्या तलावात टाकायला लावल्या आणि पुढे तो विषय कधी काढला नाही.

आजही दरवर्षी प्रवेशाच्या दिवशी नवी मुले आणि मुली हॉलमध्ये येतात. एकेकाने मोकळीत जायचे, पाठ ओल्या विटेला लावायची, आणि उभे राहायचे. आत कोणी ढकलत नाही. समोर गेल्या वर्षीचा एक विद्यार्थी ताठ उभा राहतो आणि त्याचे पुरते नाव घेतो, बापाचे किंवा आईचे जे तो सांगेल ते, आणि बाहेर ये म्हणतो. तो स्वतःच्या पायाने बाहेर येतो. काही मुले हसत जातात, बाहेर येताना हसत नाहीत. हाक यायला जो क्षणभर वेळ लागतो ना, तो तिथे फार लांब असतो.

सगळ्यांची नावे झाली की शेवटी सोमाला हाक मारतात. त्याच्या बापाचे नाव कोणालाही ठाऊक नाही. कोणी विचारून ठेवले नाही. म्हणून सोमा म्हटल्यावर हाक मारणारा थांबतो, एका नावाएवढा थांबतो, आणि मग गजघाटे म्हणतो. बाहेर ये, म्हणतो. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा.

मग सगळे ऐकत राहतात. आत पाणी ठिबकत असते. मोकळीपासून दारापर्यंत मुले दोन बाजूंना सरकून उभी असतात, आणि मधे एक माणूस जाईल एवढी वाट सोडलेली असते.